मराठी ऐकायला कोण बसलंय?

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चालू आहे. गाव म्हणजे वसईतलं निर्मळ. माझ्या एका भाच्याने लिहिलं की आपल्या धर्मग्रामाने (म्हणजे पॅरिशने) आता ऑनलाइन रेडिओ काढावा आणि तोही इंग्रजीतून. अमेरिकेत बघा, कॅथलिक रेडिओ चोवीस तास चालतो. आणि शेवटी, "मराठी ऐकायला कोण बसलंय?" खाली अंगठ्यांची रांग.

अमेरिकेचं नाव काढलं म्हणून मला बोलणं भाग आहे. मी सतरा वर्षं शिकागोच्या उपनगरात राहतो आणि तो रेडिओ रोज ऐकतो. सकाळी २९० नंबरच्या हायवेवर गाड्या तुंबल्या की ९५० एएम, रेलेव्हंट रेडिओ, देशभर चालणारा कॅथलिक रेडिओ. संध्याकाळी सात वाजता फादर रॉकी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगतात. कुणाची आई आयसीयूत, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला. देशभरातून लोक फोन करून मागणं मांडतात. मीही गाडीतच प्रार्थनेची उत्तरं म्हणतो. छान आहे, नाही कोण म्हणतं? पण शिकागोत जे लागतं तेच कॅलिफोर्नियात लागतं. सगळ्यांचा रेडिओ, म्हणजे कुणाच्याच गावचा नाही.

खरी मजा छोट्या स्टेशनांत आहे, आणि ती भाच्याला ठाऊक नाही. इथे २००० साली कमी शक्तीच्या एफएमचा परवाना सुरू झाला, फक्त १०० वॉटचा. पल्ला साधारण साडेपाच किलोमीटर. निर्मळच्या तळ्याकाठी टॉवर उभा केला तर सोपाऱ्यापर्यंत ऐकू येईल, वसईच्या किल्ल्यात नाही. २०१३ साली पुन्हा अर्ज मागवले तेव्हा कितीतरी कॅथलिक मंडळींनी अशी स्टेशनं मागून घेतली. बहुतेक ठिकाणी बिशप किंवा फादर नाही, साधी प्रापंचिक माणसंच संस्था काढून ती चालवतात.

इंडियानात मेहुण्याकडे गेलो होतो, उपवासकाळातला शुक्रवार. गाडीत असंच एक स्टेशन लागलं. खोकत खोकत एक म्हातारा वाचत होता: शुक्रवारचं फिश फ्रायचं जेवण कुठल्या चर्चच्या तळघरात, सोबत कोबीचं कोलस्लॉ की भाजलेला बटाटा, उद्या दहाला कुणाची अंत्यविधीची मिस्सा (चर्चमधली उपासना). मग छप्पर दुरुस्त करणाऱ्या एकाचे आभार. नाव, पत्ता, बस. या स्टेशनांना जाहिरात करायला बंदी आहे. देणगीदार कोण ते सांगायचं, पण त्याचा माल स्वस्त आहे किंवा जाऊन घ्या, असं म्हणायचं नाही. मेहुण्याने दुसरं स्टेशन लावायला हात पुढे केला, मी तो धरला. अगदी आमच्या चर्चमध्ये मिस्सानंतर सूचना वाचतात तसंच होतं ते.

आणि इंग्रजीचं म्हणाल तर टेक्सासात ग्वादालूपे रेडिओ नेटवर्क इंग्रजी आणि स्पॅनिश स्टेशनं वेगवेगळी चालवतं. इंग्रजीच्या माहेरघरात (बरं, सासरी म्हणा) देवाशी स्पॅनिशमध्ये बोललेलं चालतं, आणि आम्हाला निर्मळमध्ये इंग्रजी हवं! ज्या वसईच्या फादर दिब्रिटोंनी २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, तिथे मराठीला श्रोता नाही?

भारतात खासगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थेला मिळत नाही, म्हणून ऑनलाइन, हे मला कळतं. पण भाचा म्हणतो, ऑनलाइन म्हणजे सगळं जग. म्हणून मी त्याला फादर कॉफलिनची गोष्ट लिहून पाठवली. १९२६ साली डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकमधून हा माणूस स्थानिक स्टेशनवर मुलांना धर्मशिक्षण द्यायला बसला. पुढे देशभर कोट्यवधी श्रोते झाले, आणि तोवर धर्मशिक्षणाचं राजकारण आणि राजकारणाचा ज्यूद्वेष झाला होता. १९४२ मध्ये बिशपांनी तोंड बंद करायला लावलं. उदाहरण जरा ओढूनताणून आहे, कबूल. रोझरीच्या ऑनलाइन रेडिओतून कॉफलिन निघणार नाही. पण मी चिडलो होतो.

वर आणखी एक वाक्य ठोकलं: "इथे श्रोता म्हणजे जो ऐकतो तो नव्हे, जो पैसे देतो तो. मराठीसाठी खिशात हात घाला, मग बोला." खरंच आहे ते. इथली देणगी मोहीम लागली की दिवसभर फोन नंबर सांगतात, आणि माझ्या कार्डावरून दर महिन्याला पंचवीस डॉलर जातात. न विचारता, न चुकता.

भाच्याचं उत्तर रात्री आलं, तिकडची सकाळ. "मामा, बरोबर बोललात. 'सुवार्ता'ची तुमची वर्गणी चालू आहे ना? घरी अंक येत नाही म्हणून विचारलं."

'सुवार्ता' म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजाचं मराठी मासिक. आमच्या घरी ते मासिक म्हणून नाही, माणूस म्हणून यायचं. बाबा आधी निधनवार्ता वाचायचे, मग अग्रलेख. बाबा गेल्यावर वर्गणी माझ्या नावावर करायची ठरली होती. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत मी किती पंचवीस डॉलर दिले याचा हिशेब फोनवरच्या कॅल्क्युलेटरने लगेच सांगितला. दोन हजार सातशे.

त्याला "हो" असं टाइप केलं आणि पुसलं. मग "पैसे कुठे भरायचे ते कळव" असं लिहिलं, तेही पुसलं. ग्रुपवर नको, एकट्याला पाठवू म्हटलं. अजून पाठवलेलं नाही.