आशीर्वादाची यादी

गेल्या महिन्यात राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावी, चुलत्यांच्या अंगणात, उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, ख्रिस्ती सभा झाली. निमित्त होते धाकट्या चुलतभावाला कॅनडाचा व्हिसा मिळाल्याचे. मी लाइपझिगहून फोनच्या पडद्यावर हजर होते. गीते झाली, प्रार्थना झाली, आणि मग बाहेरगावाहून बोलावलेल्या वक्त्यांनी संदेशाच्या ओघात माझे नाव घेतले. एक मुलगी जर्मनीत, आता एक मुलगा कॅनडाला. प्रभूचा हात एखाद्या घरावर असला की काय होते ते या अंगणात पाहा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. लोकांनी ‘आमेन’ म्हटले. त्याच रात्री थोरल्या चुलतभावाचा संदेश आला. तो गावातच राहून शेती पाहतो आणि यंदा त्याचा निम्म्याहून अधिक कांदा चाळीतच सडला. त्याने एवढेच लिहिले होते : ‘ताई, माझ्या कांद्यावर कोणाचा हात होता?’

अशा सभा आमच्याकडे नव्या नाहीत. बाळ जन्मले, घर बांधले, आजारी माणूस दवाखान्यातून बरा होऊन आला, की मंडळीला बोलवावे, पाळक साहेबांनी प्रार्थना करावी आणि चहा-बुंदी वाटावी, ही आमच्या आजीच्या काळापासूनची रीत आहे व ती मला प्रिय आहे. बदलला आहे तो साक्षीचा सूर. पूर्वी साक्ष देणारा ‘मी कसा होतो आणि प्रभूने मला कसे सावरले’ हे सांगत असे. आता तो काय मिळाले ते सांगतो, आणि ऐकणारा मनातल्या मनात आपल्या घराशी त्याचा ताळा करून पाहतो. गावाकडे सध्या यावरून दोन तट आहेत. या नव्या सुराच्या सभांना जाणारे म्हणतात की, गरिबाने देवाकडे भरपूर मागितले तर तुमच्या पोटात का दुखते. जुन्या मिशनच्या मंडळीतले म्हणतात की, हा देवाशी केलेला सौदा आहे. मी जुन्या मंडळीत वाढले, तरी पहिल्या गटाचा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. युरोमध्ये पगार घेणाऱ्या बाईने कोरडवाहू शेतकऱ्याला ‘ऐहिक गोष्टींच्या मागे लागू नकोस’ असे सांगणे हे फारसे शोभादायक नव्हे.

तरीही जे येथे पाहते आहे ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या सभांमध्ये ज्या संपत्तीला आशीर्वादाचा पुरावा मानले जाते ती संपत्ती या देशातील चर्चपाशी आहे. येथे चर्चचा सभासद असलेल्या माणसाच्या प्राप्तिकरावर आणखी आठ किंवा नऊ टक्के चर्चकर आकारला जातो. आमच्या सॅक्सनी राज्यात तो नऊ टक्के आहे, आणि सरकारच तो गोळा करून चर्चला देते. दानार्पणाची थैली फिरवून पाळकांचा पगार कसाबसा भागवणाऱ्या आमच्या मंडळ्यांना हे स्वप्नवत वाटेल. पण ज्याला हा कर नको असेल तो नोंदणी कार्यालयात जाऊन चर्चमधून आपले नाव काढून घेतो, आणि २०२३ या एका वर्षात सुमारे चार लाख कॅथलिकांनी व जवळपास तितक्याच प्रॉटेस्टंटांनी तसे केले. ते सगळे केवळ कर वाचवण्यासाठी गेले असे मी म्हणणार नाही. चर्चमधील लैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यावर अनेकजण संतापाने गेले, आणि तो संताप रास्त होता. माझे म्हणणे इतकेच आहे की, भक्कम इमारती आणि वेळेवर येणारा पैसा यांनी बाकांवरची माणसे टिकली नाहीत.

जी थोडी टिकली आहेत त्यांपैकी एक आजी रविवारी माझ्या शेजारी बसतात. पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट असताना किशोरवयीन मुलांनी सरकारी दीक्षासोहळ्यात समाजवादी राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी अशी अपेक्षा असे. आजींनी ती घेतली नाही. त्या चर्चमध्ये दृढीकरणाला, म्हणजे आपला विश्वास जाहीरपणे कबूल करण्याच्या विधीला, उभ्या राहिल्या. परिणामी पुढच्या शिक्षणाचे दार बंद झाले आणि डॉक्टर होण्याची इच्छा असलेल्या या बाईंनी जन्मभर एका धुलाईखान्यात काम केले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येथे सुगीचा सण असतो. वेदीपुढे भोपळे, सफरचंदे, पाव मांडतात आणि नंतर ते गरजूंना दिले जातात. त्या दिवशी मी त्यांना विचारले की, तुम्ही देवाचे आभार नेमके कशाबद्दल मानता. त्या म्हणाल्या, ‘त्याने मला सोडले नाही, याबद्दल.’ आणि लगेच माझा कोट नीट टांगलेला नाही म्हणून मला रागावल्या.

लाइपझिगहून लोकल गाडीने थोड्या वेळात आयलेनबुर्ग हे गाव लागते. मार्टिन रिंकार्ट हे तेथले पाळक. तीस वर्षांच्या युद्धात हे गाव भरडून निघाले आणि १६३७ मध्ये प्लेग आला, तेव्हा त्यांनी एकट्याने चार हजारांहून अधिक माणसांचे दफनविधी केले. त्यांची पत्नीही त्याच वर्षी गेली. जर्मन मंडळ्या आजही सर्वांत जास्त आवडीने गातात ते उपकारस्तुतीचे गीत याच रिंकार्टांचे आहे, आणि ते मूळचे जेवणाच्या मेजावर म्हणण्याची प्रार्थना म्हणून छापले गेले होते. त्या मेजावर त्या काळात किती अन्न असेल याचा विचार करावा.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल ‘प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वादा’बद्दल देवाला धन्यवाद देतो, आणि पुढे त्याची यादीही देतो : निवड, दत्तकपण, ख्रिस्ताच्या रक्ताच्या द्वारे खंडणी भरून मिळालेली मुक्ती, अपराधांची क्षमा, पवित्र आत्म्याचा शिक्का. हे पत्र तो बंदिवासातून लिहितो. ज्यांना लिहितो ते इफिस अर्तमी देवीच्या मंदिराचे आणि त्या भोवती फोफावलेल्या व्यापाराचे श्रीमंत शहर होते, आणि तेथे विश्वास ठेवणाऱ्यांनी आपली जादूची पुस्तके जाळली तेव्हा त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली, असे बायबलमधलेच ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. म्हणजे ती यादी नफ्यात आलेल्या लोकांना पाठवलेली नव्हती.

आणि आपण तरी कोठे नफ्यात आलो होतो? आपल्या पूर्वजांनी दुष्काळात भाकरीसाठी धर्म सोडला, हा टोमणा महाराष्ट्रातल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाने शाळेत कधीतरी ऐकलेला असतो. दुष्काळात मिशनने अन्न दिले हे खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. शिखांना १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये त्या आदेशात स्थान मिळाले; ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला गेला. या मागणीला आपल्यातलेच काही धार्मिक लोक ‘आपले धन स्वर्गात आहे’ असे म्हणून नाके मुरडतात, ते मला मुळीच मान्य नाही. न्याय मागणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. पण त्याच वेळी जे कुटुंब सवलती गमावूनही पिढ्यान्‌पिढ्या मंडळीत राहिले, त्याने भाकरीच्या टोमण्याला जगण्यातून उत्तर दिलेले आहे. आणि आपण व्हिसा व फ्लॅट यांनाच साक्षीचा मजकूर केला की ते उत्तर आपल्याच हाताने पुसतो. मग आमिषाचा आरोप करणाऱ्याला फार काही सिद्ध करावे लागत नाही, आपले ध्वनिवर्धक त्याचे काम करतात.

आमच्याच राहुरीत काही वर्षे राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन घरदार, नातीगोती गमावून बसले, आणि १९१७ मध्ये मिशनची पगाराची चाकरीही त्यांनी सोडली. त्यांच्या आयुष्याची उपकारस्तुतीची सभा आजच्या पद्धतीने भरवायची ठरवली, तर त्या वक्त्यांना बोलायला काही सापडले असते का, अशी मला शंका आहे.

थोरल्या भावाला मी दोन दिवसांनी फोन केला. कांद्याविषयी बोललो, कर्जाविषयी बोललो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि मी तसे सांगितले. मग चुलत्यांना फोन करून विनंती केली की, पुढच्या सभेत माझ्या नोकरीचा उल्लेख होऊ देऊ नका. ते थोडे दुखावले. ‘मग लोकांला सांगायचं तरी काय, पोरी?’ असे म्हणाले. मी त्यांना इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकला आणि म्हणाले, ‘आगं, पण हे तर समद्यांलाच मिळालंय. त्यात तुझं येगळं काय?’