साडेचार क्विंटल पाणी
आमच्या अमळनेरकडे लोक घरात कापूस भरून ठेवतात. भाव वाढेल, वाढेल म्हणत जिन्याखाली, हॉलमध्ये, पाहुण्यांच्या पलंगाखाली कापूस कोंबायचा आणि होळीपर्यंत अंग खाजवत बसायचं. म्हणून मी हॉलमध्ये साडेचार क्विंटल पाणी ठेवलं तर कुणी बोलायला नको होतं. ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच काचेची टाकी. १६ घनफूट, घनफुटाला २८ लिटर. वाळू, दगड, काच यांचं वजन वेगळं.

आईने आतल्या ऑस्कर माशाकडे निरखून पाहिलं. "खावाले नही, ते आनात कसाले?"

तिथवर सगळं ठीक होतं. मग लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी भूकंपाचा नकाशा रंगवायला घेतला. सातपुडा आणि तापीच्या खोऱ्याखाली जुन्या भेगा आहेत, १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात सहाच्या वरचा धक्का बसला होता, हे ती पेन्सिल चावत सांगत होती. "पण आपल्याकडे नाही होत," मी म्हणालो. "किल्लारीचे लोकही तेच म्हणायचे, पप्पा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६."

त्या रात्री ३.५६ ला मी टाकीसमोर उभा होतो. दूरवर मालगाडी धडधडत गेली आणि पाण्यावर बारीक सुरकुती उठली.

दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागलो आणि झोप कायमची गेली. टाकीतलं पाणी जमिनीच्या तालावर नाचत नाही, त्याचा स्वतःचा ठेका असतो. चार फुटांच्या टाकीत एक हेलकावा जाऊन परत यायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. जमिनीने नेमका तोच ठेका धरला तर प्रत्येक झोक्याला लाट वाढत जाते आणि साडेचार क्विंटल पाणी सोफ्यावर येऊन बसतं. कापूस सांडला तर वेचता तरी येतो. तेव्हा पाणी चार इंच कमी केलं, वर घट्ट झाकण बसवलं. वायरी प्लगच्या खाली झोळासारख्या लोंबत्या सोडल्या, म्हणजे ओघळ प्लगात न शिरता खाली ठिबकेल. हीटर पाण्याबाहेर पडला तर तडकतो, असंही वाचलं. पण मे महिन्यात माशांसमोर कूलर लावणाऱ्या गावात हीटर आहे कोणाकडे?

राहिलं स्टँड. त्याची मागची बाजू मोकळी होती, म्हणजे आडवा धक्का बसला की चारही पाय एका बाजूला झोपणार. वेल्डरने मागे तिरप्या पट्ट्या मारून दिल्या. स्टँड भिंतीला एल-अँगलने जखडायला मिस्त्रीला बोलावलं. त्याने ड्रिल लावलं तसं ताटभर प्लास्टर खाली आलं. भिंत साडेचार इंची निघाली. पाच वेगवेगळ्या जागी भोकं पाडल्यावर दोन अँगल कसेबसे रुतले. मग तो घाम पुसत टाकीसमोर उकिडवा बसला आणि पाण्याकडे एक डोळा मिटून पाहायला लागला.

"भाऊ, पाणी वाकडं शे."

पाणी वाकडं कसं असेल! पाण्याची रेघ डावीकडे काचेच्या काठापासून चार इंच होती, उजवीकडे साडेतीन. घर उजवीकडे कललं होतं. वीस वर्षांत कुणाला कळलं नाही ते टाकीने लेव्हल-ट्यूब होऊन दाखवलं. खाली काळी जमीन; वैशाखात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मिस्त्री म्हणाला, टाकी अशी तिरकी राहिली तर सांधा सुटेल, भूकंपाची वाट पाहायची गरज नाही. २७ बादल्या पाणी उपसलं. शेजारच्या काकू हंडा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी काही न बोलता फक्त बादल्या मोजल्या. उजव्या पायांखाली सागवानी पाचर ठोकली आणि पुन्हा २७ बादल्या भरल्या.

त्याच आठवड्यात उडदाचे पापड निघाले. हॉलच्या ओट्याला लागून पाटा मांडून आई आणि दोन मावश्या पिठाचा गोळा कुटायला लागल्या. दण, दण, दण. मी घड्याळ लावून पाहिलं: सव्वा सेकंदाला एक. पाणी डुलायला लागलं. "अंगणात कुटा ना," मी हात जोडले.

"मासासकरता मी पापड बंद करू का?" आईने गोळ्याला तेल लावलं आणि पुढचा घाव घातला. तिसऱ्या दिवशी ऑस्कर त्या आवाजाला काचेशी येऊन उभा राहायला लागला. आई त्याला पिठाची गोळी टाकते, हे मला फार उशिरा कळलं.

मग पाऊस झाला. श्रावणात काळी जमीन पाणी पिऊन फुगली. एका सकाळी पाहतो तर रेघ उजवीकडे चार, डावीकडे साडेतीन. मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. तो उकिडवा बसला, एक डोळा मिटला.

"भाऊ, घर बराबर शे. तुमनं स्टँडच वाकडं शे."

२७ बादल्या उपसून त्याने पाचर काढली आणि मजुरी मागितली. पाचर तो पिशवीत टाकत होता, ती मी काढून घेतली. देवघराच्या खणात ठेवली आहे. वैशाखात लागेल.