१४ नंबरच्या बंद फाटकाबद्दल

नमस्कार. लांब पायवाटेवरच्या आमच्या पुस्तिकेला दोन तारे दिलेत, पण नेमकं कुठे अडलं ते तपशिलात लिहिलंत, म्हणून मलाही तपशिलात उत्तर देता येतंय. नुसता एक तारा ठेवून जाणाऱ्यांना काय सांगावं तेच कळत नाही.

तुमचे भाऊ चालणार आणि तुम्ही गाडी घेऊन पुढच्या ठिकाणी थांबणार, हा बेत तुम्ही आमच्या पुस्तिकेतल्या गाडी पोचण्याच्या ठिकाणांच्या यादीवर आखलात. यादीतल्या १४ नंबरच्या ठिकाणी फाटकाला कुलूप निघालं आणि भावाला पाठीवरच्या ओझ्यासकट अंधारात आणखी ६ किलोमीटर उतरून यावं लागलं. ही चूक सरळसरळ आमची. आम्ही गेलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं, गाडी थेट वाटेपर्यंत पोचली, आणि यादीत ‘गाडी जाते’ असं लिहून आम्ही मोकळे झालो. कोणत्या महिन्यात पाहिलं तेवढं लिहायचं राहिलं, आणि तेच महत्त्वाचं होतं. जंगलातले कच्चे रस्ते ओले असताना चाकांनी उखडतात, म्हणून ते बंद ठेवतात. बर्फाच्या प्रदेशात डांबरी रस्त्यांचीही तीच गत. अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही लांब पायवाट कुवोही शिखराजवळून जाते. तिथवर चढणारा रस्ता १ डिसेंबर ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतो. नकाशावर मात्र तो बाराही महिने सारखाच दिसतो.

आता जिथे फाटक आहे तिथे आम्ही दोन अंतरं छापतोय: फाटक उघडं असेल तर गाडीपासून वाट किती लांब, आणि बंद असेल तर किती. शेजारी पाहणीचा महिना आणि वर्ष. १४ नंबरपुढे ‘बंद असल्यास ६ किमी’ एवढं जरी असतं, तरी तुम्ही दोघांनी त्या दिवशी १३ वरच थांबायचं ठरवलं असतं.

दुसऱ्या तक्रारीवर मात्र मी आमची बाजू सोडणार नाही. १० आणि ११ च्या मध्ये ४१ किलोमीटर एकही ठिकाण नाही, फोनवर तर दोन रस्ते वाटेला छेदताना दिसतात, मग ‘यादी घरबसल्या केलेली दिसते’ असं तुम्ही लिहिलंत. त्यातला पहिला रस्ता छेदतो खरा, पण जमिनीखालून. तो तिथे बोगद्यात आहे. बोगदा तुटक रेघेनं दाखवलेला असतो आणि नकाशा बराच मोठा केल्याशिवाय ती रेघ तुटक आहे हे कळत नाही. दुसरा रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून केलेल्या खुल्या नकाशावर, ‘ट्रॅक’ (शेता-जंगलातली गाडीवाट) म्हणून नोंदलाय. तिथे ट्रॅकला १ ते ५ अशी प्रत देतात. १ म्हणजे पक्का, आणि ५ म्हणजे नुसती माती नि गवत. हा ५ आहे. मी स्वतः त्यावर गाडी घातली होती. पुढे ओंडके आडवे आणि वळायला जागा नाही, म्हणून दीड किलोमीटर रिव्हर्समध्ये परत आलो. शेजारी बसलेल्या बायकोनं त्या दीड किलोमीटरभर एक शब्द काढला नाही, यावरून काय ते समजा.

गाडी नुसती पोचून भागत नाही हो. ती वळली पाहिजे, आणि चालणारा उशिरा आला तर तीन-चार तास कुणाचा रस्ता न अडवता उभी राहिली पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर आम्ही ते ठिकाण यादीत घेत नाही, मग मधलं अंतर कितीही वाढो.

तरीही तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मला तुमचा अभिप्राय दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं. ४१ किलोमीटर एका दमात ज्यांना झेपत नाहीत त्यांनी काय करायचं? लांब वाटांवर यावर जुना तोडगा आहे: मुख्य वाट सोडायची आणि बाजूच्या पायवाटेनं गाडीपर्यंत उतरायचं. कॅलिफोर्नियातल्या सुमारे ३४० किलोमीटरच्या जॉन म्यूर ट्रेलच्या दक्षिण भागात मुख्य वाटेला रस्ता कुठे लागतच नाही. लोक ऑनियन व्हॅलीत गाडी ठेवतात आणि जवळजवळ ३,६०० मीटर उंचीची कीअरसार्ज खिंड ओलांडून वाटेवर जातात. आपल्या या टप्प्यातही २३ व्या किलोमीटरला अशी एक उतरण आहे. यादी फक्त गाडीच्या ठिकाणांची, या हट्टापायी आम्ही ती दिलीच नाही. आता देतोय.

राहिलं १७ नंबर, जिथे फोननं तुम्हाला नदीच्या पलीकडे नेऊन सोडलं. तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट पाहिला. आम्ही अक्षांशात २४ मिनिटं ३० सेकंद छापलंय आणि तुम्ही २४.३० मिनिटं भरलंत. ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, तेव्हा ते २४.५ हवं होतं. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १,८५२ मीटर, म्हणजे तुमची खूण ३७० मीटर दक्षिणेला सरकली. फोन खुणेच्या सर्वांत जवळचा रस्ता धरतो, मध्ये नदी आहे का हे बघत नाही. तो रस्ता पलीकडच्या काठाचा निघाला. याचा दोष तुम्हाला देववत नाही. फोनमध्ये अंश दशांशात भरणं सगळ्यांत सोपं, आणि आम्ही सवयीनं मिनिटं-सेकंद छापत बसलो. नव्या यादीत दशांश अंश आहेत, पाच स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण एका मीटरपर्यंत नेमके. शिवाय खूण आता गाडी उभी करायच्या जागेची आहे, वाटेवरची नाही.

पुस्तिकेचे पैसे परत पाठवतोय, आणि सुधारलेली यादीही. भाऊ उरलेला टप्पा चालणार असतील तर एवढं बघा: २२ नंबरलाही फाटक आहे. ते उघडं दिसलं तरी गाडी बाहेरच ठेवा, कारण संध्याकाळी ते लावून घेतात आणि गाडी आत अडकते. तिथून वाट २ किलोमीटरवर आहे. टॉर्च घेऊन तुम्हीच थोडं वर चालत गेलात तर भावाला बरं पडेल.