स्थिर व्हायचंय? मग सुखाचा नाद सोडा

भांडावं की पळावं, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर उत्क्रांतीकडे त्याचं तयार उत्तर आहे. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली ते गणितात बसवलं. डावपेच स्थिर कधी म्हणायचा? सगळे तसेच वागत असताना एखादा वेगळं वागणारा घुसला आणि त्याला त्याचा फायदा झाला नाही, तर. सगळ्यांचं भलं व्हावं अशी अट त्यात कुठेही नाही, शोधू नका.

आता ससाणा व्हायचं की कबुतर, ते ठरवा. ससाणा जखमी होईपर्यंत झुंजतो. कबुतर नुसता आव आणतं आणि समोरचा खरंच अंगावर आला की पळतं. (खरी कबुतरं कोंडून ठेवली तर एकमेकांना बेदम टोचतात, पण गणितात त्यांना सज्जन मानायची पद्धत आहे.) ज्या घासासाठी भांडण आहे त्याची किंमत ५० गुण आणि जखमेची १०० धरा; गुण जास्त, तर पिल्लं जास्त. सगळेच कबुतर झालात तर दर भेटीत सरासरी २५ पदरात पडतात, रक्त न सांडता.

म्हणून हे मुळीच करू नका. पहिला ससाणा उगवला की तो प्रत्येक भेटीत ५० उचलून नेणार, त्याची पिल्लं वाढणार, मग ससाण्याला ससाणाच भेटू लागणार आणि तिथे निम्म्या वेळा ५० मिळणार, निम्म्या वेळा १०० जाणार, म्हणजे सरासरी उणे २५! निम्मे ससाणे, निम्मी कबुतरं झाली की हे थांबतं. तेव्हा दोघांच्याही वाट्याला साडेबारा. गुण्यागोविंदाने राहून मिळालं असतं त्याच्या बरोबर निम्मं. अभिनंदन, तुम्ही स्थिर झालात. यापुढे कोणी 'प्रजातीच्या हितासाठी' त्याग करायला सांगितलं, तर त्याला आधी करू द्या.

इतकी मारामारी झेपत नसेल तर आधी येऊन बसा. आधी आलेला मालक, नंतरच्याने मुकाट निघायचं, हा नियमही स्थिर असतो. जंगलात उन्हाच्या कवडशावर हक्क सांगणारी नर फुलपाखरं असंच वागताना संशोधक निक डेव्हिस यांनी १९७८ साली नोंदवली. दोघांनाही आपणच मालक वाटलं, तरच झटापट लांबायची. उलटा नियम, म्हणजे नंतर आलेल्याने बसायचं आणि आधीच्याने उठायचं, कागदावर तितकाच स्थिर ठरतो. तेव्हा यात न्याय-बिय काही नाही, हे लक्षात ठेवून जागा अडवा.

कायमचं उत्तरच नको असेल तर कॅलिफोर्नियातल्या एका सरड्याकडे शिकवणी लावा. त्याचे नर तीन प्रकारचे. नारिंगी गळ्याचे दांडगाईने निळ्यांना हुसकावतात. निळे आपल्या एकाच मादीवर पहारा देतात, त्यामुळे चोरटे पिवळे त्यांच्या हाती लागतात. पिवळे मादीसारखे दिसतात आणि मोठा जमीनजुमला राखणाऱ्या नारिंग्यांच्या हद्दीत गुपचूप शिरून कार्यभाग साधतात. नारिंगी माजले की पिवळ्यांचे दिवस येतात, पिवळे वाढले की निळ्यांचे, आणि मग पुन्हा नारिंग्यांचे. बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली या संशोधकांनी १९९६ साली हे चक्र मांडलं. तुम्ही फक्त सध्या कोणाची चलती आहे ते पाहून त्याच्यावर मात करणारा रंग निवडा. अडचण इतकीच की गळ्याचा रंग आनुवंशिक असतो. त्यामुळे हा सल्ला खरं तर तुमच्या आईवडिलांना द्यायला हवा होता.