लातूर ते संभाजीनगर, ना टॉवर ना परवाना: त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

सध्या मराठवाड्यातल्या बहुतेक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 'किल्लारीसारखा भूकंप झाला, टॉवर पडले, तरी दोन हजारांच्या लोरा यंत्रावरून लातूरहून संभाजीनगरला मेसेज जाईल. स्प्रेड स्पेक्ट्रमने पसरवल्यामुळे तो लांब जातो, शिवाय कोणी ऐकू शकत नाही, पकडू शकत नाही. परवाना लागत नाही. जुन्या हॅमवाल्यांची आता गरज उरली नाही.'

यंत्र चांगलंच आहे. लोरा म्हणजे कमी पॉवरवर छोटे मजकूर पाठवणारं रेडिओ तंत्र, स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणजे सिग्नल फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवणं, आणि हॅम म्हणजे परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले. असं यंत्र माझ्याकडेही आहे. पण दावे एकेक करून बघू.

आधी अंतर. लोराचा सिग्नल ७०२ किलोमीटर गेला होता हे खरं, २०१७ साली, तेही अवघ्या २५ मिलिवॅटवर. पण तेव्हा यंत्र सुमारे ३८ किलोमीटर उंचीवर बलूनला टांगलेलं होतं, हे फॉरवर्ड करणारे सोयीस्कर गाळतात. लोराच्या फ्रिक्वेन्सीला लहरी बहुतांशी सरळ जातात. दोन माणसं हातात यंत्र धरून उभी राहिली तर सपाट माळरानावरही कागदावरचा हिशेब बारा किलोमीटरच्या आत संपतो, आणि मध्ये उभा ऊस किंवा गावातली घरं आली की दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी खूप. एक यंत्र तीस मीटर उंच पाण्याच्या टाकीवर चढवा, हिशेब अठ्ठावीसपर्यंत जातो. लातूर-संभाजीनगर हवाई अंतर दोनशेच्या वर, शिवाय वाटेत बालाघाट. म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा हौस म्हणून नाही उभारलेला. मेशटॅस्टिक या लोरा यंत्रांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेज यंत्रावरून यंत्रावर उड्या मारतो, पण जास्तीत जास्त सात उड्या, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी यंत्र चार्ज करून उंचावर ठेवलेलं हवं.

'पसरवल्यामुळे लांब जातो' हा तर मुळातच गैरसमज. लोरा नॉइजच्या (मागच्या खरखरीच्या) खाली वीस डेसिबलवरही वाचता येतो तो संथपणामुळे: सर्वांत संथ सेटिंगला सेकंदाला तीनशेपेक्षा कमी बिट. हॅमचा एफटी८ (मजकूर पाठवायची एक डिजिटल पद्धत) फक्त ५० हर्ट्झ जागा घेतो, स्प्रेड स्पेक्ट्रम अजिबात नाही, तरी खंड ओलांडतो. सिग्नल पसरवण्याचा फायदा वेगळा: एखाद्या फ्रिक्वेन्सीवर खरखर असली तरी बाकीच्या भागावरून मजकूर निभावतो. शॉर्टवेव्हवर हे करून पाहिलेलं आहे. चिप६४ आणि रॉस हे सिग्नल पसरवणारे मोड (मजकूर पाठवायच्या पद्धती) कॉम्प्युटरच्या साउंडकार्डवरून चालायचे. रॉसवर २०१० साली अमेरिकेत वाद पेटला, कारण तिथे हॅमना २२२ मेगाहर्ट्झच्या खाली स्प्रेड स्पेक्ट्रम वापरता येत नाही. त्या नियमामागची अडचण साधी आहे. आपला हॅमचा ४० मीटर बँड (७ मेगाहर्ट्झचा शॉर्टवेव्ह पट्टा) जेमतेम २०० किलोहर्ट्झचा. १२५ किलोहर्ट्झचा एक लोरा सिग्नल त्यातला निम्म्याहून जास्त खाईल.

'कोणी पकडू शकत नाही' हे वाचून हसू आलं. साधा एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) लॅपटॉपला लावा, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर वॉटरफॉल (सिग्नलचं सरकतं चित्र) उघडा. लोराचे तिरपे पट्टे एकाखाली एक उमटताना उघड्या डोळ्यांनी दिसतात. यागी (एकाच दिशेने ऐकणारी) अँटेना फिरवली की दिशाही कळते. मेशटॅस्टिकच्या डिफॉल्ट चॅनलचे मेसेज उलगडायची किल्ली तर जगजाहीर आहे.

परवान्याबद्दल फॉरवर्ड अर्धं खरं बोलतं. ८६५-८६८ मेगाहर्ट्झला मर्यादित पॉवरवर सूट आहे. पण ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ४३३ मेगाहर्ट्झची लोरा मॉड्यूल त्या सुटीत बसत नाहीत. आणि हॅम बँडवर परवाना तर लागतोच, वर गुप्त संकेत वापरायला बंदी.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही: मराठी. एका मेसेजला दोनशेच्या आसपास बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. 'किल्लारीत पाणी संपलं, टँकर पाठवा' एवढ्यालाच ८६ बाइट. हेच रोमन लिपीत ३५ मध्ये बसतं. घाईच्या वेळी अर्ध्यात अडकलेला मेसेज कुणाच्या कामाचा?

राहिला हॅमचा प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारीत हॅम मंडळी संपर्कासाठी राबली होती. लातूरहून मुंबई गाठायची तर आजही ७ मेगाहर्ट्झ, झाडाला बांधलेली वीस मीटर तार आणि गाडीची बॅटरी हाच भरवशाचा मार्ग. लोरा गावातल्या गावात वापरा: टाकी ते शाळा, शाळा ते दवाखाना. बाहेरचा निरोप हॅमकडे द्या. आणि स्वतःच हॅम व्हायचं असेल तर बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स कोडही लागत नाही.