मोठ्या आकड्याला भुलू नका
कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड (एसडी कार्ड) निवडण्यावरच्या लेखात कार्डावर छापलेला सेकंदाला १७०, २०० मेगाबाइट असा वेग बघून कार्ड निवडायला सांगितलंय, ते मला पटलं नाही. तो आकडा बहुतेक वेळा वाचनाचा असतो, म्हणजे फोटो संगणकावर उतरवताना कामाचा. कॅमेऱ्याला लागतो लिहिण्याचा वेग. त्यासाठी कार्डाच्या कोपऱ्यातलं बारीक 'व्ही ३०' शोधा: सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. सेकंदाला १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ जेमतेम १२.५ मेगाबाइट मागतो (आठ बिट म्हणजे एक बाइट), त्याला हे भरपूर झालं. पाठच्या बाजूला पिनांच्या दोन ओळी असलेलं, जास्त वेगाचं महागडं यूएचएस-टू कार्ड कॅमेऱ्यात तशी सोय असेल तरच घ्या, नाहीतर ते जुन्या, एका ओळीच्या कार्डाच्याच वेगाने चालतं. आणि जुना कॅमेरा असेल तर आधी माहितीपुस्तिका बघाच. काही कॅमेरे ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत.