कावाशिमा योशिकोच्या खात्यावर कुणाकुणाचे गुन्हे?

जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाचा विषय निघाला की मराठी माणसाला हमखास आठवतं ते एकच नाव, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. बाकीचं आपल्यापर्यंत येतं ते फिरत फिरत आलेल्या मजकुरातून. सध्या असाच एक मजकूर जोरात फिरतोय. भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे सगळं खरं आहे का गं?"

मजकूर थोडक्यात असा: मांचू राजघराण्यातली एक राजकन्या जपानची सर्वांत घातक गुप्तहेर झाली. १९२८ मध्ये मांचुरियाचा, म्हणजे ईशान्य चीनचा, सर्वेसर्वा झांग झुओलिन याच्या रेल्वेगाडीची बातमी काढून तिने त्याला उडवलं. १९३१ मध्ये पदच्युत सम्राट पुयीला पळवलं. १९३२ मध्ये शांघायचं युद्ध एकटीने पेटवलं. पुढे स्वतःची फौज घेऊन लढली. १९४८ मध्ये तिला गोळी घालण्यात आली खरी, पण मेली ती दुसरीच. ही मात्र १९७८ पर्यंत नाव बदलून जगली. शीर्षक अर्थातच 'पूर्वेची माताहारी'.

बाई खरी आहे. कावाशिमा योशिको. जन्म १९०७ चा, चीनवर राज्य करणाऱ्या मांचू चिंग घराण्यातल्या शानची या राजपुत्राची चौदावी मुलगी. १९१२ मध्ये चिंग सत्ता कोसळली. गेलेलं राज्य जपानच्या मदतीने परत मिळवायचं हा शानचीचा ध्यास होता, आणि कावाशिमा नानिवा हा जपानी त्याचा या कामातला साथीदार. शानचीने आपली मुलगी त्याला दत्तक दिली. ती जपानमधल्या मात्सुमोतो गावात वाढली, १९२५ मध्ये तिने केस कापले आणि पुरुषी पोशाख धरला. जपानी लष्करासाठी तिने काम केलं, यात वाद नाही. पण वरच्या यादीतला एकेक प्रसंग तपासायला घेतला की दर वेळी तिच्यामागे एखादा जपानी लष्करी अधिकारी उभा दिसतो, आणि मजकुरात त्याचं नाव नसतं. मला राग येतो तो याचा.

झांग झुओलिनपासून सुरुवात करू. ४ जून १९२८ च्या पहाटे, बीजिंगहून मुकदेनला (आजचं शेनयांग) परतताना, हुआंगगुतुन इथे त्याची गाडी जपानी मालकीच्या रेल्वेच्या पुलाखालून जात असताना स्फोट झाला. कट होता मांचुरियात तैनात असलेल्या जपानच्या क्वांतुंग सेनेतल्या कर्नल कोमोतो दाइसाकुचा. गाडी कुठे पोचली हे कळवायला त्याने आपली माणसं मार्गावर नेमली होती. पुलावर स्फोटकं लावणारे त्याचेच सैनिक. दोष चिन्यांवर यावा म्हणून घटनास्थळी चिनी माणसांची प्रेतंही टाकण्यात आली. टोकियोत या प्रकरणाने पंतप्रधान तनाका गिइची यांचं मंत्रिमंडळ १९२९ मध्ये गेलं. या सगळ्यात योशिको कुठे होती? १९२७ मध्ये पोर्ट आर्थरला तिचं लग्न झालं होतं, बाबोजाब या मंगोल सेनापतीच्या मुलाशी. हे लग्नसुद्धा मांचू आणि मंगोल घराणी जपानच्या छायेखाली जोडण्याच्या राजकारणातलंच. त्या संसारातून ती लवकरच बाहेर पडली. पण स्फोटाशी तिचा संबंध दाखवणारा त्या काळातला एकही कागद नाही. ज्याच्या हाती सैनिक, स्फोटकं आणि पाळतीवरची माणसं होती, त्या कर्नलला एकवीस वर्षांच्या नवऱ्या मुलीची गरज का पडावी, याचं उत्तरही मजकुरात नाही.

पुयीच्या बाबतीत गोंधळ निराळा आहे, कारण तिथे ती खरोखर होती, फक्त दुसऱ्या प्रसंगात. चिंग घराण्याचा हा शेवटचा सम्राट तेव्हा तिआनजिनच्या जपानी वसाहतीत राहत होता. सप्टेंबर १९३१ मध्ये क्वांतुंग सेनेने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली, आणि सिंहासनावर बसवायला त्या सेनेला पुयी हवा होता. नोव्हेंबरच्या आरंभी कर्नल दोइहारा केंजी त्याला येऊन भेटला, आणि १० तारखेच्या रात्री पुयीला मोटारीत लपवून घराबाहेर काढलं गेलं, मग बोटीने पलीकडे नेलं गेलं. ही कामगिरी दोइहाराची. मागे राहिली होती सम्राज्ञी वानरोंग. तिला तिआनजिनमधून काढून नवऱ्याकडे पोचवण्यात योशिकोचा हात होता, आणि हे तिचं सर्वांत नीट मान्य झालेलं काम. ते क्षुल्लक म्हणून मी सोडून देणार नाही. वानरोंगचं पुढचं आयुष्य मांचुकुओच्या, म्हणजे जपानने मांचुरियात उभ्या केलेल्या बाहुल्या राज्याच्या, राजवाड्यात अफूच्या आहारी गेलं आणि १९४६ मध्ये ती कैदेत मेली. तिला त्या वाटेवर नेणाऱ्यांत योशिको होती. पण सम्राटाला पळवणं आणि मागाहून त्याच्या बायकोला सोबत करणं, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता शांघाय. १८ जानेवारी १९३२ रोजी तिथे पाच जपानी बौद्ध भिक्षूंवर जमावाने हल्ला केला. काही दिवसांनी त्यांतला एक मरण पावला. हल्ल्यापाठोपाठ जपानी तरुणांनी एका टॉवेल कारखान्याला आग लावली, तणाव चढत गेला, आणि २८ जानेवारीच्या रात्री लढाई सुरू झाली. ती मार्चच्या आरंभी थांबली, युद्धबंदीचा करार मे महिन्यात झाला. (जाता जाता: हल्ला झालेले भिक्षू निप्पोनझान म्योहोजी या पंथाचे. त्या पंथाचे संस्थापक फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपामुळे विदर्भातल्या पुष्कळांना हे नाव ओळखीचं असेल.)

भिक्षूंवरचा हल्ला पैसे देऊन घडवला होता आणि ते पैसे योशिकोच्या हातून गेले, असं सांगितलं जातं. सांगितलं कुणी? मेजर तनाका र्युकिची याने. तो तेव्हा शांघायमध्ये जपानचा लष्करी अधिकारी होता आणि योशिकोशी त्याचे संबंध होते. युद्ध हरल्यावर त्याने सांगितलं की मांचुरियावरून जगाचं लक्ष उडावं म्हणून क्वांतुंग सेनेच्या इतागाकी सेइशिरोने शांघायमध्ये काहीतरी घडवायला सांगून २० हजार येन पाठवले, आणि आपण ते योशिकोला दिले. हाच तनाका टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सरकार पक्षाचा साक्षीदार झाला आणि त्याच्यावर स्वतःवर कधी खटला चालला नाही. त्याचं म्हणणं सपशेल खोटं आहे असं मी म्हणत नाही. मांचुकुओची घोषणा १ मार्चला, शांघाय धुमसत असतानाच झाली, तेव्हा हेतू जुळतो. पण त्याचा शब्द शंभर टक्के खरा धरला, तरी त्यातून काय निघतं ते बघा. पैसा इतागाकीचा, बेत तनाकाचा, योशिको मधला हात. शिवाय शांघायमध्ये जपानी मालावरचा बहिष्कार, जपानी आरमाराची घाई आणि चिनी एकोणिसाव्या सेनेचा मागे न हटण्याचा निर्धार हे सगळं आधीच साठलं होतं. युद्ध एकटीने पेटवलं म्हणणाऱ्याने तनाकाची कबुली घेतली आणि तनाकाला वगळलं.

फौजेवर फार वेळ घालवायला नको. मांचुरियाला लागून असलेल्या जेहोल प्रांतावर जपान चालून गेला त्या सुमारास, १९३३ मध्ये, 'आन्क्वोजुन' म्हणजे देश शांत करणारी सेना असं नाव दिलेलं एक पथक तिच्या नावावर उभं केलं गेलं. माणसं बहुतेक जुने दरोडेखोर आणि भाडोत्री शिपाई. तिचं चिनी नाव चिन पिहुई, म्हणून सेनापती चिन. जेहोल जिंकलं ते जपानच्या नियमित सैन्याने. हिच्या पथकाचा उपयोग मांचू राजकन्याच आपल्या बाजूने लढते आहे हे दाखवण्यापुरता होता. गणवेशातले तिचे फोटो छापून आले. त्याच वर्षी तिच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आदल्या वर्षी एका जपानी लेखकाने तिच्यावर बेतलेली कादंबरी मासिकातून क्रमशः लिहिली होती, ती आता पुस्तकरूपाने आली आणि खूप खपली.

'सर्वांत घातक गुप्तहेर' हा दावा इथेच कोसळतो. ज्या बाईचा चेहरा मासिकांतून घरोघरी पोचलाय, जिच्या तबकड्या दुकानात मिळतात, ती वेश पालटून कुणाच्या गोटात शिरणार? १९३३ नंतर लष्कराला तिचा उपयोग उरला नाही. उलट मांचुरियात जपानी लोक कसे वागतात यावर ती उघड टीका करू लागली, तेव्हा ती त्यांना डोईजड झाली. १९३७ च्या सुमारास ती तिआनजिनमध्ये खानावळ चालवत होती. म्हणजे महायुद्ध खऱ्या अर्थाने पेटलं तेव्हा ही कथित महागुप्तहेर हॉटेलच्या गल्ल्यावर होती.

त्या वर्षांतली खरी हेरगिरी आणि खरी फितुरी बघायची तर शांघायच्या जेसफील्ड रोडवर, ७६ नंबरच्या बंगल्यात जावं लागतं. वांग जिंगवेई हा चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांचा जुना सहकारी जपानला मिळाला आणि मार्च १९४० मध्ये नानजिंगला त्याचं सरकार बसलं. त्याची गुप्त पोलीस यंत्रणा या बंगल्यात होती. प्रमुख दोघे, दिंग मोत्सुन आणि ली शिचुन. दोघेही आधी कम्युनिस्ट, मग राष्ट्रवादी पक्षाच्या हेरखात्यात, मग जपानकडे. अपहरण, छळ, भर रस्त्यात खून हे तिथलं रोजचं काम. समोरून राष्ट्रवादी चीनचा नेता चियांग कै-शेक याचा हेरप्रमुख दाइ ली याची माणसंही तसंच उत्तर देत. दिंगला सापळ्यात ओढण्यासाठी झेंग पिंगरू नावाची तरुणी त्याच्याजवळ गेली. तिची आई जपानी. डिसेंबर १९३९ मध्ये एका फरच्या दुकानाबाहेर केलेला बेत फसला आणि पुढच्या फेब्रुवारीत तिला गोळी घालण्यात आली. ही गुप्तहेर बाई होती, जिवावर उदार झालेली. तिच्यावर असा मजकूर फिरताना मी पाहिलेला नाही.

आता खटल्याकडे येते. मजकुरात खटल्याला अर्धं वाक्य दिलंय, 'न्यायालयात सर्व गुन्हे सिद्ध झाले'. माझ्या मते ही यादीतली सर्वांत मोठी चूक आहे.

ऑक्टोबर १९४५ मध्ये तिला बेइपिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, अटक झाली. दोन वर्षांनी सुनावणी झाली तेव्हा तिला बघायला इतकी गर्दी लोटली की कामकाज चालवणं मुश्कील झालं. आरोप 'हानच्येन' असल्याचा. या शब्दाचा अर्थ हान वंशाचा देशद्रोही. ती स्वतः मांचू, हान नव्हेच. पण कायद्याने हा शब्द सगळ्या चिनी नागरिकांना लावला होता, त्यामुळे खटल्याचा सगळा भार एका प्रश्नावर आला: ही चिनी की जपानी? जपानी ठरली असती तर देशद्रोहाचा गुन्हाच उभा राहत नव्हता.

जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाची एक नोंदवही असते, कोसेकी. जन्म, लग्न, दत्तक सगळं त्यात. योशिकोने तुरुंगातून दत्तक बापाला पत्र लिहून विनवलं की माझं नाव त्यात आहे असा दाखला पाठवा, आणि जन्मसाल पुढचं लावा, म्हणजे १९३१ मध्ये मी पोरवयाची होते असं दिसेल. ही खोटी मागणी होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नानिवाने कागद पाठवले, पण त्यातून तिची सुटका होणारी नव्हती. मुलगी लहानपणी घरात आणली, आपलं आडनाव दिलं, राजकारणात वापरली, आणि कोसेकीत तिचं नाव कधी चढवलंच नव्हतं. न्यायालय म्हणालं, बाप चिनी, म्हणून मुलगी चिनी.

याच्या शेजारी दुसरी एक बाई उभी करून बघा. ली शियांगलान या चिनी नावाने गाणारी, जपानी प्रचारपटांत चिनी मुलगी म्हणून झळकलेली नटी. शांघायमध्ये तिच्यावरही हानच्येनचा ठपका आला होता. ती प्रत्यक्षात जपानी होती, यामागुची योशिको. तिच्या मैत्रिणीने बीजिंगहून तिची कोसेकी बाहुलीत लपवून पोचवली. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती सुटली, जपानला गेली, आणि १९७४ पासून तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसली. दोन योशिको. एकीचा जीव कागदाने वाचवला, दुसरीचा कागद नव्हता.

आणि पुरावा? तनाका, दोइहारा, इतागाकी यांच्यापैकी कुणाचाही लेखी हुकूम न्यायालयासमोर नव्हता. पुराव्यात धरली गेली ती कादंबरी आणि तिच्यावर निघालेले चित्रपट. ती ओरडून सांगत राहिली की ही रचलेली गोष्ट आहे. आज फिरणारा मजकूर आणि १९४७ चा निकाल यांचा उगम एकच निघतो, हे लिहिताना माझा हात थांबला. वानरोंगचं प्रकरण आणि जेहोलचं पथक एवढ्यावर तिला शिक्षा झाली असती तर माझी तक्रार नव्हती.

त्याच न्यायव्यवस्थेने बाकीच्यांचं काय केलं? वांगच्या सरकारातला बडा मंत्री झोउ फोहाइ याला फाशीची शिक्षा झाली होती. दाइ लीशी त्याने आतून संधान ठेवलं होतं म्हणून ती जन्मठेपेवर आली. चीनमधल्या जपानी सैन्याचा सरसेनापती ओकामुरा यासुजी जानेवारी १९४९ मध्ये शांघायच्या लष्करी न्यायालयातून निर्दोष सुटला. दोइहारा आणि इतागाकी फासावर गेले, पण ते टोकियोत, दोस्त राष्ट्रांच्या न्यायालयाने पाठवले म्हणून.

राहिली ती मरून जिवंत राहिल्याची कथा. २५ मार्च १९४८ च्या पहाटे बेइपिंगच्या तुरुंगात तिला मागून डोक्यात गोळी घातली गेली. चिनी पत्रकारांना आत घेतलं नाही, दोन परदेशी वार्ताहर तेवढे गेले. गोळीने चेहरा ओळखू येईनासा झाला होता. चिडलेल्या वर्तमानपत्रांतून संशय पसरला, आणि सोन्याच्या दहा विटांच्या बोलीवर एका आजारी मुलीला तिच्या जागी उभं केल्याची कहाणी आली. साठ वर्षांनी, २००८ च्या सुमारास, छांगछुनमधून दावा आला की १९७८ मध्ये तिथे वारलेली फांग नावाची म्हातारी म्हणजेच योशिको. आधार काय, तर घरातल्या आठवणी आणि काही वस्तू. ती म्हातारी योशिकोच होती हे सिद्ध करणारी कोणतीही चाचणी आजवर झालेली नाही. पत्रकारांना बाहेर ठेवणं ही तुरुंगाधिकाऱ्यांची चूक होती, आणि या कथेचं सगळं बळ त्या चुकीत आहे. गोळी घातलेल्या देहाचे फोटो आहेत. तो देह एका जपानी भिक्षूने ताब्यात घेऊन दहन केला. तिच्या अस्थी मात्सुमोतोला गेल्या, आणि तिथल्या एका देवळात त्या नानिवाच्याच थडग्यात आहेत.